आधी काट्यावर या

आमच्या दादाच्या दुकानात मोटर घ्यायला आलेल्या माणसाला आधी चहा मिळत नाही, खुर्चीही मिळत नाही. दाराच्या आत डाव्या हाताला पोती तोलायचा जुना लोखंडी वजनकाटा आहे. दादा हातातला पाना खाली न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "आधी काट्यावर या." बायका नाक मुरडतात, पुरुष पोट आत ओढतात. पोट आत ओढलं की वजन कमी भरतं असं समजणारी किती शिकलेली माणसं जगात आहेत, ते मला याच दुकानात कळलं.

मी त्याची धाकटी बहीण. बारा वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली तेव्हा चार दिवस मदत करते म्हणून आले, ती बॅटऱ्यांपाशी कायमची चिकटले. मागच्या खोलीत सात चार्जर आहेत, तिथे माझं राज्य. दुकान तलावाच्या काठावर आहे. मागचं दार उघडलं की दहा पावलांवर लाकडी धक्का, आणि धक्क्याला दोरीने बांधलेल्या चार-पाच छोट्या नावा. या असल्या नावांना लावायच्या विजेच्या मोटरी विकायच्या, बसवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या, एवढाच आमचा धंदा. नावेच्या मागच्या फळीला मोटर अडकवायची, तिचा दांडा पाण्यात उतरतो, दांड्याच्या टोकाला पंखा. आवाज नाही, धूर नाही. गळ टाकून बसणाऱ्या हौशी लोकांना हेच हवं असतं, कारण आवाजाने मासे पळतात आणि वल्ह्यांनी खांदे जातात.

येणाऱ्या दहांपैकी सात जण म्हणतात, "सगळ्यात मोठी द्या." मग दादाचं व्याख्यान सुरू होतं, ते मला तोंडपाठ आहे. मोटर मोठी घेतली की बॅटरी लवकर रिकामी होते. म्हणून बॅटरी मोठी घेतली की नाव मागून बसते. नाव मागून बसली की तिला ढकलायला आणखी मोठी मोटर लागते. "असं करत करत शेवटी तुम्हाला जहाज घ्यावं लागेल, आणि जहाजं मी ठेवत नाही."

मोटर पाण्याला जो जोर लावते त्याला दादा रेटा म्हणतो. तो पाउंडात मोजतात आणि मोटरीवर छापलेला असतो. आमच्याकडे तीस, चाळीस आणि पंचावन्न अशा तीन. दादाचा हिशेब साधा आहे. नाव, माणूस, बॅटरी, नांगर, गळ, डबा, पाण्याची बाटली, सगळं काट्यावर चढवायचं. जी बेरीज येईल तिच्यात दर पन्नास किलोंना एक किलो रेटा धरायचा. तो झाला बिनवाऱ्याच्या पाण्याचा. आमच्या तलावावर दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून त्याच्या तिप्पट. एकाचा कुत्रा रोज नावेत बसायचा आणि काट्यावर काही केल्या उभा राहीना. दादाने त्या माणसाला कुत्रा कडेवर घेऊन उभं केलं आणि मग माणूस वजा केला. हे सगळे आकडे एका जाड वहीत आहेत. बेकरीवाले, एक्याऐंशी. दातांच्या डॉक्टरीणबाई, अडुसष्ट. कुत्रा, एकोणीस.

लोक मागे त्याची टिंगल करतात, मीही करते. पण इतक्या वर्षांत त्याने दिलेली मोटर कमी पडली म्हणून कोणी परत आलं नव्हतं, आणि "माझं चुकलं" हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. वहिनीला विचारलं तर ती म्हणते, तिनेही नाही.

घड्याळजी आले ते थंडी संपता संपता. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, नंतर डोळ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान बंद करून ते तलावावर येऊ लागले. आठवड्यातून तीन दिवस, एकटे, त्यांची ती हिरवी नाव घेऊन. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनीअर, वर्षातले आठ महिने समुद्रात. घरात ते आणि त्यांची सून, दोघंच. सून एका शाळेच्या ऑफिसात काम करते. बोलायला तुटक, पण सासऱ्यांचा डबा तिच्या हातचा आणि त्यांची औषधाची वेळ तिच्या मोबाईलवर.

त्या दिवशी तीच त्यांना घेऊन आली होती. खांदा आखडल्यामुळे घड्याळजींना वल्ही ओढवेनात, आणि त्या हिवाळ्यात दोनदा वाऱ्याने त्यांना पलीकडच्या बोरूंच्या बेटात नेऊन घातलं होतं. दोन्ही वेळा कोळ्यांनी ओढून आणलं. सूनबाईंनी दादाला सरळच सांगितलं, "काका, सगळ्यात जोरदार मोटर बसवा. आता तिसऱ्यांदा हे असे अडकले तर मी नाव विकून टाकणार. यांच्याशी माझं तसं ठरलंय."

"हिने ठरवलंय," घड्याळजी म्हणाले. "मी फक्त तिथे बसलो होतो. मला सगळ्यात हलकी दे रे, मला ती उचलता आली पाहिजे."

दादाने दोघांकडेही दुर्लक्ष केलं आणि काट्याकडे बोट दाखवलं.

"मी नाही चढणार," घड्याळजी म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडून ते तरंगायचं जॅकेट घेतलं, तेव्हा चढवलं होतंस की. वहीत बघ."

दादाने वही काढली. जॅकेटं वजनाप्रमाणे देतात, त्यामुळे आकडा होता. घड्याळजी, शहात्तर. दुसरं कोणी असतं तर दादाने त्याला दारातून परत पाठवलं असतं. पण आमच्या वडिलांचं मनगटी घड्याळ घड्याळजींनी दोनदा मेलेलं उठवलं होतं, आणि त्यांच्यासमोर दादाचा आवाज नेहमीच एक पायरी खाली असायचा. त्याने शहात्तर धरले.

इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. घड्याळजींच्या अंगावर जाड कोट होता, गळ्याभोवती मफलर होता, पण गाल मला दिसत होते. गाल बसले होते. दादाला माणूस दिसत नाही, आकडा दिसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं आणि तरी मी मूग गिळून गप्प बसले. थंडीचे दिवस आहेत, म्हातारं माणूस आहे, असं स्वतःला सांगून चार्जरकडे वळले.

नाव पंच्याऐंशी, माणूस शहात्तर, बॅटरी चोवीस, मोटर नऊ, बाकी सामान अकरा. दोनशे पाच. रेटा भरला चार किलो, म्हणजे नऊ पाउंड, तिप्पट सत्तावीस. "तीसची पुरते," दादा म्हणाला. सूनबाईंना पंचावन्नची हवी होती. दादाने त्यांना जहाजाचं व्याख्यान ऐकवलं आणि वर सांगितलं, "ताई, तीस नीट बसवली तर ती यांना आणून सोडेल. हा माझा शब्द." सूनबाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग "ठीक आहे" म्हणाल्या.

नीट बसवणं म्हणजे नुसते स्क्रू आवळणं नव्हे. घड्याळजी मागे बसणार, मोटर मागे, तेव्हा बॅटरी पुढच्या टोकाला ठेवायची, म्हणजे नाव सपाट राहते. पंखा पाण्याखाली एक वीत हवा. त्याहून खाली नेला तर तळाचं गवत गुंडाळतं, वर राहिला तर लाटेबरोबर उघडा पडतो आणि पाण्याऐवजी हवा कापत बसतो. ही मापं माणूस नावेत बसवून घ्यायची असतात. ती घ्यायच्या दिवशी घड्याळजींनी निरोप धाडला, गुडघा दुखतोय, तूच बसून बघ. दादा स्वतः बसला. तो एकोणसत्तर किलोंचा, म्हणून मांडीवर सात किलोंचं लोखंडी वजन घेऊन बसला. अगदी बरोबर शहात्तर. पंखा बरोब्बर एक वीत खाली. मी धक्क्यावरून बघत होते आणि मनात म्हटलं, एवढा काटेकोर माणूस शोधून सापडायचा नाही.

सात-आठ आठवडे छान गेले. घड्याळजी येत, मी बॅटरी लावून देई, ते जात आणि दुपारपर्यंत परत येत. मोटर कशी आहे विचारलं तर म्हणत, "टिकटिक करत नाही, म्हणून जरा करमत नाही."

मग एका दुपारी वारा उठला. पंखा लाटेलाटेला बाहेर यायला लागला, मोटर नुसती घोंगावत राहिली, बॅटरी त्यातच संपली आणि हिरवी नाव पुन्हा बोरूंत जाऊन रुतली. चार तास ते तिथे ओल्या कपड्यांनी बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई गाडीला ट्रेलर लावून नाव घेऊन आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काका, तुमच्या शब्दावर मी राहिले. आता गिऱ्हाईक बघा. संध्याकाळी कागदपत्रं घेऊन येते." त्यांना शाळा गाठायची होती, त्या गेल्या. घड्याळजी मागे राहिले. धक्क्यावरच्या खोक्यावर बसून ते आपल्या नावेकडे असे बघत होते की मला तिकडे बघवेना.

दादाने मोटर खोलली. काहीही बिघाड नव्हता. बॅटरी तपासली, ती मीच चार्ज केलेली होती आणि धडधाकट होती. मग दोन्ही परत जागेवर लावून तो म्हणाला, "घड्याळजी, नावेत बसा." ते नको नको म्हणाले, पण दादाने नाव पाण्यात ढकललीच होती. ते मागे बसायच्या फळीवर टेकले. दादा धक्क्यावर आडवा पडला आणि हात पाण्यात घालून मापायला लागला. पंखा वीतभर खाली नव्हता. दोन बोटं वर आला होता. पुढे बॅटरीने नाव दबली होती आणि मागे उचलली गेली होती.

दादा उठला. त्याची बाही कोपरापर्यंत निथळत होती. "कोट काढा," तो म्हणाला, "आणि काट्यावर या."

या वेळी घड्याळजी वाद न घालता आले. कोट मी हातात घेतला. काटा एकोणसाठवर थांबला. दादाने डोकं वाकवून पुन्हा बघितलं, बोटाने काच पुसली आणि पुन्हा बघितलं. सतरा किलो कमी. मला त्या क्षणी स्वतःचा मनस्वी राग आला.

"पोटात आहे," घड्याळजींनी सांगितलं. "थंडीच्या आधी कळलं. कापून उपयोग नाही म्हणाले डॉक्टर. गोळ्या आहेत, दुखत नाही फारसं. काट्यावर चढलो असतो तर तू विचारलं असतंस."

"सूनबाईंना?" मी विचारलं.

"ताकास तूर लागू दिलेली नाही. तिला कळलं की ती मुलाला जहाजावरून उतरवेल, स्वतः रजा टाकेल आणि मला खाटेवर घालून समोर बसून राहील. मला तिथे बसून मरायचं नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे त्या पाण्यावर जायचंय, एवढंच. नाव गेली तर मग काय राहिलं?"

संध्याकाळी सूनबाई कागद घेऊन आल्या. दादा हात पुसत पुढे झाला आणि म्हणाला, "ताई, माझं चुकलं."

मी मागच्या खोलीत होते. हातातली पकड खाली पडली.

"मोटर बरोबर आहे, यांचीही चूक नाही. मी चुकीचं वजन धरलं, त्यामुळे पंखा वर राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा असं झालंय. मी दुरुस्त करून देतो. मला एकच संधी द्या. परत अडकले तर नाव मी स्वतः विकून देईन." त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. फक्त वजन कशाने चुकलं ते त्याने सांगितलं नाही. सूनबाई त्याच्याकडे, मग खोक्यावर बसलेल्या सासऱ्यांकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी कागद पर्समध्ये ठेवले. "एकच," त्या म्हणाल्या.

दादाला दांडा खाली सरकवता आला असता, पण मग पंख्यात गवत अडकलं असतं. त्याने दुसरा उपाय काढला. दुकानामागे बांधकामातून उरलेली वाळू पडली होती. त्याने कॅनव्हासची एक पिशवी शिवून घेतली, तिच्यात मोजून सतरा किलो वाळू भरली आणि ती घड्याळजींच्या फळीखाली ठेवली. नाव पुन्हा सपाट बसली. पंखा वीतभर खाली गेला. "दर सोमवारी काट्यावर यायचं," दादाने बजावलं. "गुडघा दुखतो वगैरे मला सांगायचं नाही."

ते दर सोमवारी आले. दादा वजन बघे, वहीत लिही आणि जेवढं उतरलं असेल तेवढी वाळू पिशवीत घाली. कधी अर्धा किलो, कधी एक. एकदा दोन किलो घालायची वेळ आली तेव्हा घड्याळजीच म्हणाले, "असं चाललं तर महिन्याभरात वाळूच जाईल मासे धरायला, मी घरी बसेन." दादा हसला नाही. तो पिशवीचं तोंड दोरीने आवळत राहिला, किती तरी वेळ. मी आत गेले आणि एका चांगल्या बॅटरीचं पाणी विनाकारण तपासलं. वारा त्या दिवसांत तीनदा उठला. तिन्ही वेळा ते आपलं आपण धक्क्याला लागले.

पिशवीत बावीस किलो झाले तो सोमवार होता. घड्याळजी गाडीतून उतरले, पण गाडी सूनबाई चालवत होत्या. सोमवारी त्यांची शाळा असते. घड्याळजींचाही चेहरा सांगत होता की त्यांना याची कल्पना नाही. नेहमीसारखे काट्यावर चढून-उतरून ते हळूहळू धक्क्याकडे गेले, नाव सोडायला. सूनबाई सरळ दुकानात आल्या, चपला काढल्या आणि कोणी बोट दाखवायच्या आत काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"चोपन्न," त्यांनी स्वतःच वाचलं. "लिहा, काका. आणि फळीखालची पिशवी बघितलीय मी, ती वाळू काढून टाका. मी बसणार आहे त्यांच्याबरोबर. तीन महिने रजा टाकलीय. ह्यांनाही कळवलंय, पुढच्या बंदरावर उतरून निघतायत."

दादाने वही उघडली, पण पेन हातातच राहिलं. मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "दोघांना पुरेल ना ही मोटर?"

दादा सावरला. आकडे आले की तो सावरतो. नाव पंच्याऐंशी, घड्याळजी चोपन्न, तुम्हीही चोपन्न, बॅटरी, मोटर, सामान. मग भागाकार, मग तिप्पट. "एकतीस," तो म्हणाला. "तीसची नाही चालायची."

"एका पाउंडाने काय होतंय, दादा?" मी नाक ओढत म्हटलं.

"एका पाउंडाने माणूस बोरूंत जातो," तो म्हणाला आणि स्टुलावर चढून भिंतीवरची चाळीसची मोटर काढायला लागला. "आता ही दोन माणसांची नाव आहे."

आम्ही तिघं धक्क्यावर गेलो. दादाने वाळूची पिशवी बाहेर काढून ठेवली, बॅटरी पुढून उचलून मागे घड्याळजींच्या फळीखाली सरकवली, आणि तीसची मोटर काढून चाळीसची लावली. घड्याळजी दोरी हातात धरून हे सगळं बघत होते.

"चाळीस कशाला रे? मला ती उचलवायची नाही."

"ताई उचलतील. त्या येतायत."

घड्याळजींनी सुनेकडे पाहिलं. ती जॅकेटचे पट्टे उलटे अडकवत होती, मी ते सोडवून नीट लावून दिले.

"तुला पोहता येत नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर जॅकेट घेतलंय, बाबा."

त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने मान हलवून नाही म्हटलं, म्हणजे त्याने सांगितलेलं नाही. माझ्याकडे बघितलं. मीही नाही म्हटलं.

"कधीपासून माहितीये तुला?"

"तुमच्या पट्ट्याला दुसरं भोक पाडून दिलं ना मी," सूनबाई म्हणाल्या, "तेव्हापासून."

घड्याळजींनी खिशातून रुमाल काढला, आणि पुढच्या फळीवर पाणी साचलं होतं ते पुसून तिला बसायला जागा करून दिली.